पाण्याची चाहूल

एका शहरात मेंदूच्या शस्त्रक्रिया करणारे एक वृद्ध डॉक्टर होते. वयाची सत्तरी जवळ आली होती. स्वतः शस्त्रक्रिया करणे त्यांनी कमी केले होते. पण सकाळची फेरी ते चुकवत नसत, आणि शिकायला आलेल्या तरुण डॉक्टरांना ते जे शिकवत, त्यातले निम्मे पुस्तकात सापडत नसे. विद्यार्थी त्यांना सर म्हणत, रुग्णांचे नातेवाईक मोठे डॉक्टर म्हणत.

त्यांचा एक शिष्य होता, सुमेध. बुद्धी तीक्ष्ण, हात स्थिर, आणि कष्टाला मागे न हटणारा. त्याने तीन वर्षे एकाच प्रश्नाचा पाठपुरावा केला होता. तो प्रश्न समजून घेतल्याशिवाय पुढची हकिकत कळायची नाही, म्हणून आधी तो सांगतो.

डोक्याला जबर मार लागला की मेंदू सुजतो. कवटी हाडाची, ती काही ताणली जात नाही. अशा वेळी शल्यवैद्य कवटीचा तळहाताएवढा तुकडा काढून ठेवतात आणि मेंदूला फुगायला जागा करून देतात. जीव वाचतो. पण काही जणांवर पुढे काही आठवड्यांनी दुसरे संकट येते. मेंदूच्या आतल्या पोकळ्यांत आणि त्याच्या भोवती एक स्वच्छ पाणी खेळत असते. ते रोज नवे तयार होते आणि रोज शोषले जाते. रक्तस्रावामुळे शोषणाच्या वाटा बुजल्या, तर ते साचू लागते. पोकळ्या फुगतात, आणि बरा होत चाललेला माणूस पुन्हा मंद होत जातो. हे इतके सावकाश घडते की सगळ्यांची समजूत होते, मार मोठा होता, माणूस एवढाच बरा व्हायचा होता.

हे पाणी कोणाच्या डोक्यात साचेल, हे आधी सांगता येईल का? हा सुमेधचा प्रश्न. त्याने रुग्णालयाच्या दप्तरखान्यातले कित्येक जुने केसपेपर वाचले आणि त्यांतून एक तक्ता तयार केला. रुग्णाचे वय किती, रक्त आतल्या पोकळ्यांपर्यंत गेले होते का, काढलेल्या हाडाची कड डोक्याच्या मध्यरेषेच्या किती जवळ आली, मेंदूच्या दोन भागांच्या फटीत पाण्याचा थर दिसतो का, अशा मोजक्या गोष्टी त्यात भरल्या की धोका किती, याचा एक अंदाज निघे. तक्त्याचा त्याला अभिमान होता, आणि तो अस्थानी नव्हता.

त्या सुमारास मन्मथअप्पा नावाचे एक डाळीचे व्यापारी रुग्णालयात दाखल झाले. लांबच्या तालुक्याच्या गावी त्यांचे दुकान आणि गोदाम होते. वय त्रेसष्ट. गोदामात पोत्यांची थप्पी घसरली, वर उभे असलेले अप्पा खाली आले आणि डोके दगडी पायरीवर आपटले. आणले तेव्हा शुद्ध नव्हती. सुमेधने शस्त्रक्रिया केली; सर शेजारी उभे होते. कवटीचा उजवीकडचा तुकडा काढला आणि पुढे परत बसवता यावा म्हणून पोटाच्या त्वचेखाली जपून ठेवला.

नवव्या दिवशी अप्पांनी डोळे उघडले. पंधराव्या दिवशी ते आधाराने उठून बसले आणि त्यांनी पत्नीला नावाने हाक मारून चहा मागितला. त्यांच्या पत्नी महानंदाबाई तोवर एकदाही रडल्या नव्हत्या. त्या दिवशी वॉर्डातल्या सिस्टरच्या खांद्यावर डोके ठेवून रडल्या. आणखी चार दिवसांनी लघवीची नळी काढली, तेव्हा अप्पांना अगदी सुटल्यासारखे झाले. ते दोघांच्या आधाराने वॉर्डाच्या दारापर्यंत चालू लागले.

सगळे आनंदात असताना सुमेधने अप्पांची माहिती तक्त्यात भरली. उत्तर चांगले आले नाही. पाणी साचण्याचा संभव जवळजवळ निम्मा होता. तो सरांकडे गेला आणि म्हणाला की या रुग्णाचा दर तिसऱ्या दिवशी स्कॅन करावा.

सरांनी तक्ता चष्मा लावून वाचला, परत पहिल्या ओळीपासून वाचला. तक्ता उत्तम आहे, हा अंदाज मला मान्य आहे, असे ते म्हणाले. मग त्यांनी सांगितले की उगाच वरचेवर स्कॅन करायचे नाहीत. ठरलेला स्कॅन तीन आठवड्यांनी आहे, त्याआधी कारण दिसले तर त्याच दिवशी करू. आणि पुढे जे सांगितले, ते ऐकून सुमेध चकित झाला.

"उद्यापासून पंधरा दिवस दुपारचं जेवण अप्पांच्या खाटेजवळ घ्यायचं. ते दोघं जेवतात त्या वेळी. आपला डबा न्यायचा. तपासायचं काही नाही, विचारायचं काही नाही. पाऊण तास बसायचं."

सुमेधने कारण विचारले. सर म्हणाले, पंधरा दिवसांनी सांगेन.

सुमेधला हे लागले. तीन वर्षांच्या अभ्यासाने जे हाती आले ते सरांपुढे ठेवावे, आणि त्यांनी जेवायला बसायची आज्ञा करावी, हे त्याला थट्टेसारखे वाटले. बरोबरीचे डॉक्टर हसले. एकाने त्याला विचारलेही, की पंगतीत वाढप्याची जागा अजून रिकामी आहे का. पण सरांचा शब्द मोडायची रीत नव्हती. दुसऱ्या दिवशी एक वाजता तो डबा घेऊन वॉर्डात गेला.

पहिला दिवस अवघड गेला. डॉक्टर आलेले पाहून महानंदाबाई उभ्या राहिल्या, त्या बसेनात. काही वाईट सांगायचे आहे का, असे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होते. सुमेध म्हणाला की काही नाही, फक्त जेवायला आलोय. यावर त्यांचा विश्वास बसला नाही. त्या भिंतीकडे तोंड करून दोन घास जेवल्या. सुमेधने फोन पाहत डबा संपवला आणि घड्याळाकडे बघत उरलेली वीस मिनिटे काढली.

तिसऱ्या दिवशी त्यांनी त्याच्या डब्याच्या झाकणावर न विचारता कारळाची चटणी वाढली. चौथ्या दिवशी त्याने फोन खिशातून काढला नाही. हळूहळू महानंदाबाई बोलू लागल्या. रुग्णालयाजवळच्या धर्मशाळेत त्या उतरल्या होत्या; तिथल्या सामाईक चुलीवर पहाटे भाकरी करत. शेजारच्या खोलीतल्या बाईशी ओळख झाली होती. अप्पांबद्दल त्या पुष्कळ सांगत. डाळ मुठीत घेतली की ती कोणत्या शिवारातली हे ते डोळे मिटून सांगत. धोतर स्वतः धूत, निऱ्या स्वतः घालत, त्याला दुसऱ्याचा हात लागू देत नसत. लग्नानंतर पहिले भांडण झाले तेही धोतराला पडलेल्या निळीच्या डागावरून. हे ऐकून अप्पा खाटेवरून म्हणाले की तो डाग अजून गेलेला नाही. तिघेही हसले.

रुग्णालयातून मिळणारे वरण अप्पांपुढे आले की ते पहिल्या घासाला निकाल देत. डाळ जुनी आहे. आज दोन डाळी मिसळल्या आहेत. ही तूर पावसात भिजलेली आहे. सुमेधला याची गंमत वाटू लागली. तो जेवायच्या वेळेची वाट पाहू लागला आहे, हे त्याच्या उशिराच ध्यानात आले.

आठव्या दिवशी अप्पा काही बोलले नाहीत. वरण खाल्ले, हात पुसला. सुमेधला वाटले, झोप झाली नसेल. नवव्या दिवशी त्याने मुद्दाम विचारले की आज डाळ कशी आहे. अप्पांनी त्याच्याकडे बघितले, आणि उत्तर यायला इतका वेळ लागला की तोवर प्रश्नच विसरल्यासारखा झाला. "चांगली आहे," ते म्हणाले. त्या दिवशीचे वरण अर्धे कच्चे होते.

वॉर्डाच्या कागदावर मात्र सगळे ठीक होते. ताप नाही. नाडी, रक्तदाब उत्तम. लघवीबद्दल सिस्टर रोज विचारत आणि महानंदाबाई रोज "नीट होतंय" म्हणत. व्यायाम करून घेणाऱ्या ताईंनी लिहिले होते, आज रुग्णाने कंटाळा केला. खाली सुमेधचीच सही होती, आणि वर त्याच्याच अक्षरात एक शब्द: स्थिर.

दहाव्या दिवशी जेवण झाल्यावर अप्पांचा डोळा लागला. पूर्वी ते दुपारचे झोपत नसत. महानंदाबाईंनी डबा आवरला, झाकण लावले, पुन्हा काढले, पुन्हा लावले. आतापर्यंत त्या सुमेधला डॉक्टरसाहेब म्हणत होत्या.

"लेकरा," त्या म्हणाल्या, "एक सांगू का? कुणाला सांगणार नाहीस ना?"

सुमेध म्हणाला, सांगा.

"चार दिवस झाले, ह्यांचं धोतर भिजायलंय. ह्यांना कळंनाच. मी गुपचूप धुते, मागल्या बाजूला वाळत घालते. सिस्टरनी विचारलं की नीट होतंय म्हणते. सांगितलं तर ती नळी परत घालतेल. नळी काढली त्या दिवशी हे मला म्हणले होते, मेलो तरी चालंल, पण हे पुन्हा नको."

सुमेधने हातातला डबा खाली ठेवला. त्याने हळू आवाजात विचारले की चालणे कसे आहे.

"पाय उचलंनात. फरशीला चिकटल्यागत करतेत. मी म्हणलं, दमले असतील."

मंद झालेले मन, फरशी न सोडणारे पाय आणि कळत नसताना होणारी लघवी. ही तीन लक्षणे त्याने परीक्षेत लिहिली होती, इतरांना शिकवली होती. ती रोज त्याच्यासमोर जेवायला बसत होती आणि त्याने कागदावर स्थिर असे लिहिले होते. त्याने अप्पांच्या डोक्याच्या उजव्या बाजूला, जिथे हाड नव्हते तिथे, हलकेच तळवा ठेवला. आठवड्यापूर्वी ती जागा मऊ होती. आता तिथली त्वचा आतून कोणी लोटावी तशी ताठ लागली.

तासाभरात स्कॅन झाला. मेंदूच्या पोकळ्या फुगल्या होत्या. सरांनी तो पडद्यावर पाहिला आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच शस्त्रक्रिया ठरवली. शस्त्रक्रिया तशी फार मोठी नसते. एक बारीक नळी मेंदूच्या पोकळीतून त्वचेखालून पोटापर्यंत नेतात. साचणारे पाणी पोटात उतरते आणि तिथे शोषले जाते.

महानंदाबाईंना मात्र डोक्यावर पुन्हा शस्त्रक्रिया एवढेच ऐकू आले. त्या थिएटरबाहेरच्या बाकावर बसून स्वतःला दोष देत राहिल्या. चार दिवस लपवले, माझ्यामुळे झाले, असे त्या म्हणत होत्या. सुमेध आत जाण्यापूर्वी त्यांच्यासमोर बसला. त्याने सांगितले की पाणी तुमच्यामुळे साचले नाही, ते साचणारच होते. ठरलेल्या स्कॅनला अजून अकरा दिवस होते. तुम्ही काल बोलला नसता तर ते अकरा दिवस गेले असते, आणि मेंदू दाबला जात राहिला असता. मग तो म्हणाला, "दोष द्यायचाच तर मला द्या. मला दिसत होतं, मी पाहिलं नाही." त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या दिवशी अप्पांनी विचारले की गोदामातली तूर उन्हात घातली का. पाचव्या दिवशी ते चालले, आणि पाऊल फरशीवरून उचलले गेले. धोतर कोरडे राहिले. लघवीच्या नळीचा विषय पुन्हा कोणी काढला नाही.

पंधरा दिवस भरले तेव्हा सुमेध सरांच्या खोलीत गेला. त्याला दोन गोष्टी सांगायच्या होत्या. एक, तक्ता खरा ठरला. दुसरी सांगणे त्याला जड जात होते. तक्ता खरा ठरूनही, तेवढ्यावर अप्पा वाचले नसते. त्याने विचारले, "सर, धोक्याची लक्षणं त्यांच्या पत्नीला विचार, असं तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर मी विचारलं असतं. पंधरा दिवस जेवायला का बसवलंत?"

"विचारलं असतंस," सर म्हणाले, "आणि तिनं सिस्टरला सांगितलं तेच तुला सांगितलं असतं."

मग त्यांनी एक जुनी गोष्ट सांगितली. बत्तीस वर्षांपूर्वी एक शाळामास्तर असेच डोक्याला मार लागून आले होते. सरांनी त्यांना वाचवले. वर्तमानपत्रात बातमी आली. त्यांची पत्नी तीनदा व्हरांड्यात सरांच्या मागे आली आणि म्हणाली, हे पूर्वीसारखे नाहीत हो, काहीतरी निराळे होत आहे. सर चालत होते. चालता चालताच त्यांनी तिन्ही वेळा सांगितले, बाई, वेळ लागेल. मास्तर दोन वर्षे घरी खाटेवर पडून होते. मग दुसऱ्या कोणा डॉक्टरांना पाणी साचल्याचे कळले. मास्तर थोडे सुधारले, चालू लागले. पण फळ्यासमोर पुन्हा उभे राहिले नाहीत.

"त्या बाई पुढं मला भेटायला आल्या," सर म्हणाले. "दोष द्यायला नाही, आभार मानायला. मी त्यांच्या नवऱ्याचा जीव वाचवला होता ना. ते आभार मी अजून वागवतोय. सुमेध, तुझा तक्ता सांगतो की या दारी पाणी येण्याचा संभव आहे. ते फार मोलाचं आहे. मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी थांबलो असतो. पण कोणत्या दिवशी, कोणत्या वाटेनं, ते तक्त्याला माहीत नसतं. ते घरच्या माणसाला पहिलं कळतं. आणि लाजेची गोष्ट माणूस उभ्या असलेल्याला सांगत नाही. बसलेल्याला सांगतो, तीही दहाव्या दिवशी. अंदाजानं कुठं बसायचं ते कळतं. बसावं तर लागतंच."

ज्या जुन्या केसपेपरांतून सुमेधने तक्ता केला होता, त्यांत त्या मास्तरांचाही कागद असेल का, असे त्याच्या मनात आले. असणारच. तिथे बत्तीस वर्षांपूर्वी कोणीतरी दिवसामागून दिवस स्थिर असे लिहिले असेल. त्या एका कागदाने, आणि तशा कितीतरी कागदांनी, तक्त्यातल्या रकान्यांना अर्थ दिला होता. ती सगळी माणसे सोसून गेली होती, आणि त्यांच्यामुळे अप्पांना आधी जपता आले. आजवर त्याने त्यांना आकडे म्हटले होते. त्याला त्या अनोळखी माणसांविषयी मनापासून कृतज्ञता वाटली, आणि थोडी लाजही.

दोन महिन्यांनी अप्पांच्या पोटाच्या त्वचेखाली जपलेले हाड पुन्हा कवटीला बसवले. जखम भरली आणि घरी जायचा दिवस आला. महानंदाबाई सरांच्या पाया पडायला वाकल्या, तसे सर एक पाऊल मागे सरले. त्यांनीच हात जोडले आणि म्हणाले की ताई, हे आम्हाला तुमच्यामुळे कळले, आभार आम्ही मानायचे. महानंदाबाईंना काय करावे सुचेना. त्यांनी पदराने डोळे टिपले आणि सुमेधकडे बघून हसल्या. सुमेध वाकला आणि त्यांच्या पायाला त्याने हात लावला. त्याने डॉक्टर असून असे करू नये, असे त्या म्हणाल्या, पण त्यांनी आशीर्वाद दिला.

अप्पा पांढरेशुभ्र धोतर नेसून उभे होते. निऱ्या त्यांनीच घातल्या होत्या. ते सुमेधला बाजूला घेऊन गेले. त्यांना काहीतरी विचारायचे होते आणि ते आठवायला त्यांना जरा वेळ लागला. हा वेळ मात्र आजारातला नव्हता, संकोचातला होता.

"डॉक्टर," ते म्हणाले, "मधल्या दिवसांतलं मला काही सांगता येणार नाही. कोण आलं, काय केलं, सगळं धुकं. पण माझ्याजवळ कुणीतरी रोज बसून जेवत होतं, एवढं मला आठवतंय. हिला विचारलं तर ही म्हणते, तुम्हीच विचारा. ते कोण होतं हो?"

सुमेधने अप्पांचा हात दोन्ही हातांत धरला आणि तसाच उभा राहिला. अप्पांनी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिले. त्यांना ते कळले.

ज्याच्यावरच्या संकटाची कल्पना आपल्याला आधी येते, त्याच्याजवळ आधी जाऊन बसणे हे आपले काम असते.